धरून बसलेलं विष

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एकापाठोपाठ १४ रुग्ण दगावले. यातलं कुणी मूत्रपिंडाच्या आजारासाठी आलेलं नव्हतं. कुणाच्या डोळ्यातला दाब वाढला होता, कुणाच्या मेंदूवरची सूज उतरवायची होती. त्यासाठी त्यांना ग्लिसरॉल देण्यात आलं आणि ते भेसळीचं निघालं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यात वापरायचं द्रावक. रुग्णांची लघवी थांबली, मूत्रपिंडं बंद पडली. पुढे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा सगळा कारभार चव्हाट्यावर आला. त्या अहवालावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मला इथे त्यातली वैद्यकाची एकच बाजू हवी आहे: त्या रसायनाने मूत्रपिंडातलं नेमकं काय मारलं?

पोटात गेलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलचं यकृतात एक आम्ल होतं, डायग्लायकॉलिक आम्ल. ते मूत्रपिंडातल्या एका विशिष्ट जागेच्या पेशींमध्ये साचून त्यांना मारतं. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म एककं असतात. एककाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो, तिथे रक्त गाळलं जातं. गाळलेलं पाणी मग एका लांब नळीत उतरतं. त्या नळीचा सुरुवातीचा, नागमोडी भाग म्हणजे समीप नलिका. जे. जे.च्या त्या रुग्णांमध्ये घाव पडला तो मुख्यतः या नलिकेच्या पेशींवर. या पेशी लक्षात ठेवा. पुढचं सगळं निरूपण त्यांच्याभोवती फिरणार आहे.

ग्लिसरॉलच्या बाटलीतलं विष बाहेरून आलं होतं. पण कोणत्याही कारणाने, मधुमेहाने म्हणा, रक्तदाबाने म्हणा, ज्यांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात, त्यांच्या रक्तात फिरणारं विष घरचंच असतं. ते वरणभातातून येतं, दुधातून येतं, अंड्यातून आणि मासळीतून येतं. तुमच्या-माझ्या शरीरातही ते आज सकाळी तयार झालं आहे.

तयार होतं ते असं. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमायनो आम्ल असतं. खाल्लेल्यातलं बरंचसं लहान आतड्यात शोषलं जातं, उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचं इंडोल करतात. इंडोल रक्तावाटे यकृतात जातं, यकृत त्याला सल्फेटचं शेपूट जोडतं आणि इंडॉक्सिल सल्फेट तयार होतं. टायरोसिन या दुसऱ्या अमायनो आम्लापासून याच वाटेने पी-क्रेसिल सल्फेट होतं. आतड्याचा यातला वाटा किती मोठा आहे, हे एका निरीक्षणाने दाखवून दिलं. शस्त्रक्रियेने मोठं आतडं काढून टाकलेल्या काही डायलिसिस रुग्णांचं रक्त २०११ च्या सुमारास तपासलं गेलं. त्यांच्यात हे दोन्ही पदार्थ जवळपास नव्हतेच. मूत्रपिंडं बंद असूनही नव्हते.

इंडॉक्सिल हे काही नवं पात्र नाही. नीळ या रंगाचा जन्म इंडॉक्सिलपासूनच होतो. हवा लागली की त्याचे रेणू जोडीने एकत्र येतात आणि निळा रंग उतरतो. अंथरुणाला खिळलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या, लघवीची नळी लावलेल्या म्हाताऱ्या माणसांची लघवीची पिशवी कधीकधी चक्क जांभळी होते आणि नातेवाईक घाबरून नर्सला हाक मारतात. लघवीत आलेलं इंडॉक्सिल सल्फेट तिथल्या जिवाणूंनी फोडलेलं असतं. त्यातून निळा आणि तांबडा असे दोन रंग तयार होतात आणि मिळून जांभळा दिसतो. एरवी न दिसणारा हा पदार्थ रोज किती बाहेर पडत असतो, याचा याहून डोळ्यांत भरणारा पुरावा मला माहीत नाही.

निरोगी माणसाच्या रक्तात इंडॉक्सिल सल्फेट लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतं. डायलिसिसवर असलेल्या माणसात ते वीस, तीस, चाळीस मिलिग्रॅमपर्यंत चढलेलं आढळतं. युरिया अशा रुग्णात निरोगी माणसापेक्षा पाचपट-सातपट वाढलेला असतो. हे मात्र चाळीसपट, पन्नासपट. दोघेही मूत्रपिंडाने टाकायचे पदार्थ, दोघांनाही तेच डायलिसिस मिळतं, मग असा फरक का? माझ्या मते मूत्रपिंडाच्या आजारात विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न नाही.

उत्तर रक्तातल्या एका प्रथिनात आहे. त्याचं नाव अल्ब्युमिन. यकृतात बनतं, साधारण वीस दिवसांत निम्मं जुनं मोडून नवं येतं आणि रक्तद्रवाच्या दर शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे चार ग्रॅम असतं. रिपोर्टात ‘सीरम अल्ब्युमिन’ म्हणून येतं ते हेच. ५८५ अमायनो आम्लांची ही साखळी घडी घालून साधारण बदामाच्या आकाराची बसलेली असते. तिचं एक काम पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवण्याचं. ते कमी झालं की पाय सुजतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं काम कमी लोकांना ठाऊक असतं. पाण्यात धड न विरघळणाऱ्या गोष्टींना ते आपल्या खोबणीत बसवून शरीरभर नेतं: मेदाम्लं, काही संप्रेरकं, कावीळ झाली की डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन आणि आपण गिळतो त्यातली कितीतरी औषधं.

अल्ब्युमिनवर औषधांच्या दोन ठळक खोबणी आहेत. त्यांचा शोध १९७० च्या दशकात सडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पहिलीत रक्त पातळ करणारं वॉरफरिन बसतं, दुसरीत आयबुप्रोफेन आणि डायझेपाम. या दुसऱ्या खोबणीचा आतला भाग तेलकट स्वभावाचा, पाणी नको म्हणणारा आहे आणि तिच्या तोंडाशी धन विद्युतभार असलेलं एक अमायनो आम्ल उभं आहे. आता इंडॉक्सिल सल्फेटचा रेणू पाहा. एका बाजूला चपटं, तेलकट कडं. दुसऱ्या टोकाला ऋणभारित सल्फेट. कडं आत शिरतं, शेपूट तोंडाशी अडकतं. पी-क्रेसिल सल्फेटचीही ठेवण तशीच. म्हणून या दोघांचे शंभरातले नव्वद ते पंच्याण्णव रेणू, किंवा त्याहूनही जास्त, कोणत्याही क्षणी अल्ब्युमिनला धरून असतात. सुटे फिरतात ते उरलेले पाच-दहा, किंवा त्याहूनही कमी.

हे धरणं कायमचं नसतं. इथे कुठलाही रासायनिक बंध पक्का होत नाही. रेणू बसतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि हे सेकंदाच्या छोट्याशा अंशात चाललेलं असतं. पंच्याण्णव आणि पाच हा हिशेब कुठल्या ठरावीक रेणूंचा नाही, सरासरीचा आहे. आत्ता सुटा असलेला पुढच्या क्षणी धरलेला असेल.

धरलेलं असणं ही एरवी चांगलीच गोष्ट आहे. खोबणीत बसलेला रेणू पेशीत शिरत नाही, त्रास देत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सल्फा गटातलं एक जंतुनाशक दिल्यावर त्यातली काही मेंदूला बिलिरुबिनची बाधा होऊन दगावतात, हे १९५६ साली डॉक्टरांच्या लक्षात आलं. औषधाने अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हुसकावून लावलं होतं. एकूण बिलिरुबिन वाढलेलंही नव्हतं, सुटं मात्र वाढलं होतं. काम करतो तो सुटा रेणू, मग ते औषध असो की विष. हे सूत्र नीट पकडलं की पुढचं सोपं होतं.

आता डायलिसिसकडे येऊ. भायखळा, नागपाडा, मुंबई सेंट्रल या टापूत जे. जे., नायर, मसीना अशी जुनी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत आणि डायलिसिसला बसणारी माणसं या भागाला नवी नाहीत. हातावर फिस्टुला (सुया टोचण्यासाठी धमनीला जोडलेली शीर), दोन सुया, चार तास. रक्त डायलायझरमधून जातं. त्यात केसासारख्या बारीक, पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. धाग्याच्या आतून रक्त, बाहेरून उलट दिशेने क्षारांचं पाणी. धाग्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. ज्याचं प्रमाण आत जास्त आणि बाहेर कमी, ते छिद्रातून बाहेर झिरपतं. विलेम कॉल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली सॉसेजच्या आवरणाला वापरायचं सेलोफेन लाकडी ढोलावर गुंडाळून पहिलं यंत्र चालवलं, तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

छिद्रांचं माप मुद्दाम असं ठेवलेलं असतं की अल्ब्युमिन बाहेर पडू नये. ते बाहेर गेलं तर रुग्ण आठवड्याभरात खंगेल. युरियाचा रेणुभार ६०, क्रिएटिनिनचा ११३, इंडॉक्सिल सल्फेटचा सुमारे २१३, अल्ब्युमिनचा ६६,५०० च्या आसपास. नुसत्या मापाने पाहिलं तर इंडॉक्सिल सल्फेट त्या छिद्रातून सहज जाईल. पण त्यातलं बहुतेक अल्ब्युमिनच्या खोबणीत आहे. भायखळ्याच्या भाजी मंडईत डोक्यावर भरलेली पाटी घेऊन पाटीवाला चालला आहे, आणि वाटेत एक फट आहे, लिंबू जाईल एवढी. सुटं घरंगळणारं लिंबू फटीतून पडेल. पाटीतली लिंबं पाटीवाल्याबरोबर पुढे जातील. उपमा इथवरच ठीक आहे. खऱ्या पाटीतून लिंबं सेकंदाला कित्येकदा उतरत-चढत नाहीत.

चौकस वाचक इथे अडेल. रेणू सारखे बसत-उठत असतील तर अडचण काय? सुटे पाच काढले की धरलेल्यांतले काही सुटतील, तेही काढा, मग आणखी सुटतील. अगदी बरोबर, तसंच होतं. गफलत आहे ती ढकलणाऱ्या जोरात. पडद्यापलीकडे झिरपण्याचा वेग दोन्ही बाजूंच्या सुट्या रेणूंच्या फरकावर ठरतो. युरियाचे शंभरच्या शंभर रेणू सुटे, शंभरही ढकलतात. इंडॉक्सिल सल्फेटचे पाचच ढकलतात. मागे पंच्याण्णव रांगेत उभे आहेत याची पडद्याला खबरच नसते. आणि रक्ताला डायलायझरमध्ये मिळतो तरी किती वेळ? मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर वेगाने वाहणारं रक्त त्या धाग्यांतून वीसेक सेकंदांत पार होतं. तेवढ्यात जेवढे गेले तेवढे गेले, बाकीचे परत अंगात. म्हणून मिनिटाला जेवढ्या रक्तातून युरिया धुऊन निघतो, त्याच्या फार तर दहाव्या भागातून हे पदार्थ निघतात.

चार तास संपतात तेव्हा युरिया साधारण सत्तर टक्के उतरलेला असतो. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट मात्र जेमतेम तिसरा हिस्सा. पुढच्या डायलिसिसपर्यंत ऊतींत मुरलेला साठा रक्तात येतो, आतडं नवी भर घालतं, आणि आकडा जिथल्या तिथे. वेळेचा हिशेबही मांडून पाहा. आठवड्याचे १६८ तास. तीन वेळा डायलिसिस म्हणजे १२ तास. आपल्याकडे खर्चापायी किंवा लांबच्या प्रवासापायी कितीतरी जण आठवड्याला दोनदाच येतात, म्हणजे आठ. मूत्रपिंडाला रविवार नव्हता.

डायलिसिस पुरेसं झालं की नाही हे ठरवण्यासाठी जगभर एक आकडा वापरतात, केटी बाय व्ही. तो काढतात युरियावरून. युरिया मोजायला सोपा, स्वस्त आणि सगळीकडे सारखा पसरणारा, म्हणून हे रास्तच होतं. पण मोजायला सोपं ते महत्त्वाचं, असा समज हळूहळू बसत गेला. अमेरिकेत १८४६ रुग्णांवर झालेल्या ‘हेमो’ या चाचणीने या समजाला मोठा धक्का दिला. काहींना नेहमीचं डायलिसिस दिलं, काहींना युरिया आणखी खोलवर धुतला जाईल असं. २००२ साली निष्कर्ष आला: मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही. ठरावीक पातळीपलीकडे युरिया कितीही धुतला तरी माणूस अधिक जगत नाही. याच काळात, २००३ मध्ये, युरोपातल्या संशोधकांच्या गटाने मूत्रपिंड निकामी झाल्यावर साचणाऱ्या ९० पदार्थांची यादी छापली. त्यातले २५ प्रथिनांना धरून बसणारे होते. चौथाईहून अधिक, आणि केटी बाय व्हीला त्यांचा पत्ताच नाही.

रिपोर्ट चांगला असूनही अंगाला सारखी खाज सुटते, तोंडाला चव नसते, झोप लागत नाही, असं सांगणारा रुग्ण म्हणूनच कुरकुऱ्या नसतो. त्याच्या रक्तात न मोजलेलं पुष्कळ काही असतं. या धरून बसणाऱ्या पदार्थांवर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवल्याचा, रक्त लवकर गोठवल्याचा, वाहिन्या चुनखडीसारख्या कडक केल्याचा संशय आहे, आणि प्रयोगशाळेतला पुरावा भरपूर आहे. तरीही माणसांतला पुरावा अजून संबंध दाखवणारा आहे, कारण सिद्ध करणारा नाही. हा भेद उत्साहाच्या भरात पुसला जातो.

मग निरोगी मूत्रपिंड हे कसं जमवतं? त्याच्याही गाळणीतून अल्ब्युमिन जात नाहीच. दिवसाला १८० लिटर द्रव गाळणाऱ्या त्या केशवाहिन्या इंडॉक्सिल सल्फेटच्या बाबतीत डायलायझरइतक्याच हतबल असतात. सुटं तेवढंच खाली पडतं. पण मूत्रपिंड गाळून थांबत नाही. गाळण झाल्यावर उरलेलं रक्त नलिकेच्या बाहेरून वळसे घेत जातं, आणि तिथे त्या समीप नलिकेच्या पेशी उभ्या असतात. त्यांच्या रक्ताकडच्या भिंतीवर वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. सेंद्रिय ऋणभारित रेणू ओळखून ती आत खेचतात आणि पेशीच्या दुसऱ्या बाजूने लघवीत सोडतात. याला शक्ती लागते, ती पेशी खर्च करते. सुटा रेणू दिसला की उचलला, तो उचलला गेल्यामुळे अल्ब्युमिनवरचा एक सुटला, तोही उचलला. डायलायझर प्रमाणातल्या फरकावर विसंबून असतो. ही पेशी नगण्य प्रमाण असतानाही ओढून घेते. म्हणून तुमच्या रक्तात हा पदार्थ लिटरला एक मिलिग्रॅमच्या खाली राहतो.

या पेशींचा झपाटा जगाने पहिल्यांदा अनुभवला तो पेनिसिलिनच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन सोन्याहून दुर्मीळ होतं आणि रुग्णाला टोचलं की काही तासांत लघवीवाटे निघून जायचं, इतकं की रुग्णांची लघवी गोळा करून त्यातून ते परत मिळवत. पेनिसिलिनही अल्ब्युमिनला बऱ्यापैकी धरून असतं. नुसत्या गाळण्याने ते इतक्या वेगाने जाणं शक्यच नव्हतं. या पेशी त्याला ओढून बाहेर टाकत होत्या. मग त्यांची वाट अडवणारं प्रोबेनेसिड हे औषध निघालं, म्हणजे पेनिसिलिन अंगात टिकावं.

१९८६ मध्ये जे. जे.च्या रुग्णांनी ज्या पेशी गमावल्या, त्या याच. आणि मधुमेहाने वा रक्तदाबाने झिजणाऱ्या मूत्रपिंडातही त्या एकेक करून जातात, फक्त वर्षानुवर्षं लावून. डायलिसिसचं यंत्र मूत्रपिंडाचं अर्धं काम करतं, गाळायचं. उचलायचं काम त्यात नाहीच. ‘कृत्रिम किडनी’ असं जे कौतुकाने म्हटलं जातं, त्यात हा अर्धा भाग गाळलेला आहे, हे माझं स्पष्ट मत. यंत्राने लाखो माणसं जगवली, त्याबद्दल वाद नाही.

उचलणाऱ्या पेशी कमी झाल्या की दाराशी गर्दी होते, आणि त्या गर्दीचा फटका औषधांना बसतो. सूज उतरवायला दिली जाणारी लॅसिक्सची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, जवळपास सगळीच्या सगळी अल्ब्युमिनवर बसून मूत्रपिंडात येते. तिचं काम नलिकेच्या आतून चालतं, आणि आत शिरायला याच वाहकांची वाट. त्या वाटेवर इंडॉक्सिल सल्फेट आणि त्याचे भाऊबंद आधीच दाटलेले. म्हणून किडनीच्या रुग्णाला लॅसिक्सचा डोस वाढवावा लागतो. एवढ्या गोळ्या कशाला, म्हणून घरचे हळहळतात. कारण हे आहे.

दुसरा फटका उलट दिशेचा. फिट येऊ नये म्हणून दिलं जाणारं फेनिटॉइन एरवी नव्वद टक्के अल्ब्युमिनवर असतं. मूत्रपिंड निकामी झालं की साचलेले पदार्थ त्याची जागा बळकावतात, शिवाय रक्तातल्या युरियापासून होणारा एक पदार्थ खुद्द अल्ब्युमिनला चिकटून त्याची ठेवण बिघडवतो. फेनिटॉइन सुटं राहू लागतं. प्रयोगशाळा मोजते एकूण औषध, ते कमी दिसतं. सुटं मात्र पुरेसं असतं, कधी जास्तही. आकडा पाहून कुणी डोस वाढवला तर रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो. हे १९७० च्या दशकाच्या आरंभापासून माहीत आहे, तरी अजूनही निसटतं.

उपाय शोधणाऱ्यांनी दोन टोकं धरली. एक टोक अल्ब्युमिनचं: धरलेल्याला हुसकावा. दुसऱ्या खोबणीत आयबुप्रोफेन बसतं हे वर आलंच. डायलायझरमध्ये शिरणाऱ्या रक्तात ते सोडलं तर इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट जागा सोडून सुटे होतील आणि पडद्यातून जातील, ही कल्पना २०१९ साली छापल्या गेलेल्या एका छोट्या प्रयोगात खरी ठरली. दोघांच्या निघण्याचा वेग सुमारे तिप्पट झाला. तत्त्व सुंदर आहे. उपचार म्हणून ते अजून कुठेही रुळलेलं नाही. आणि हे वाचून कुणी घरी आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण हीच गोळी उरल्यासुरल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते.

दुसरं टोक आतड्याचं: तयारच होऊ देऊ नका. जपानमध्ये १९९१ पासून कोळशाचे बारीक गोल कण औषध म्हणून मिळतात. ते आतड्यात इंडोल शोषून घेतात आणि रक्तातलं इंडॉक्सिल सल्फेट खरंच उतरतं. पण २००० हून अधिक रुग्णांवर अनेक देशांत घेतलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, मूत्रपिंड बिघडण्याचा वेग त्याने कमी झाला नाही. ‘किडनी डिटॉक्स’च्या नावाने भुकटी विकणाऱ्यांनी एवढी कसोटी दिल्याचं तरी मी पाहिलेलं नाही.

चोथ्याची गोष्ट जरा वेगळी. जिवाणूंना पिष्टमय चोथा मिळाला तर ते प्रथिनांच्या मागे कमी लागतात. न पचणारा मक्याचा स्टार्च सहा आठवडे खाल्लेल्या डायलिसिस रुग्णांत सुट्या इंडॉक्सिल सल्फेटचं प्रमाण घटलेलं दिसलं. मात्र इथे पथ्याची पंचाईत आहे. पोटॅशियमच्या भीतीने फळं बंद, पालेभाज्या चिरून पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्यायचं, डाळी बेताच्या, पाणी मोजून. वर फॉस्फरस धरणाऱ्या गोळ्या. अशाने बद्धकोष्ठ होतं, अन्न मोठ्या आतड्यात रेंगाळतं आणि जिवाणूंना प्रथिनं कुजवायला आणखी वेळ मिळतो. एका विषापासून राखताना दुसऱ्याला आपण वेळ देतो. पोटॅशियम कमी आणि चोथा बरा अशा भाज्या असतात. आहारतज्ज्ञाकडे नेमकी ती यादी मागायला हवी. आपल्या मनाने पथ्य मोडायचं नाही.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाने हा प्रश्न मुळातून सुटतो, कारण गाळणीबरोबर उचलणाऱ्या पेशीही येतात. भायखळ्याहून फार लांब नसलेल्या परळच्या के. ई. एम.मध्ये १९६५ साली देशातला पहिला प्रयत्न झाला. यश १९७१ मध्ये वेल्लोरला आलं. पण मूत्रपिंड मिळेपर्यंतची वाट लांब असते, कित्येकांची संपतच नाही.

या सगळ्यातून रुग्णाच्या हातात राहतं ते एकच, आणि त्याची किंमत बऱ्याचदा कळत नाही. डायलिसिस सुरू झालं तरी अनेकांना सुरुवातीचे काही महिने-वर्षं थोडी लघवी होत असते. दिवसाला पाव लिटर, अर्धा लिटर. घरात तिला कुणी मोजत नाही. आता मशीनच काम करतं, असं धरून चालतात. पण ती लघवी म्हणजे काही समीप नलिका अजून जिवंत असल्याची खूण आहे, आणि त्या आठवड्याचे १६८ तास उचलत असतात. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पोटाचं डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या माहितीचा २००१ मध्ये नव्याने अभ्यास झाला. दिवसाला २५० मिलिलिटर जास्त लघवी होणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. डायलिसिसने किती धुतलं याचा तसा संबंध दिसला नाही. ज्यांची लघवी टिकते ते मुळात बरे असतात, असंही म्हणता येईल. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल आणि लघवी होत असेल, तर चोवीस तासांची लघवी किती होते ते मोजा आणि पुढच्या भेटीत नेफ्रॉलॉजिस्टला सांगा. गुडघा दुखला, दाढ दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. स्कॅनसाठी शिरेतून औषध सोडणार असतील तर अजून लघवी होते हे आधी सांगा. डायलिसिसमध्ये पाणी जास्त खेचून रक्तदाब वारंवार पडत असेल, तर तेही गप्प राहून सोसू नका, कारण दर वेळी त्या उरलेल्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो.